बड्या फुहाऱ्यावरून पाहिलेले २०१५ चे मराठी चित्रपट

वर्ष सरत आले की नियतकालिकांतून त्या वर्षातील उत्तम चित्रपटांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. पहिला कोणता, दुसरा कोणता आणि कोणाची बोळवण दहाव्या जागेवर करावयाची, याविषयी समीक्षकांत मतभेद असतात, आणि ते असावेतही. एका बाबतीत मात्र या याद्यांत विलक्षण एकवाक्यता आढळते. त्या बहुधा मुंबईत अथवा पुण्यात बसून केलेल्या असतात आणि तसे केल्याचा उल्लेख त्यांत कोठेही नसतो. यादी करणाराची अभिरुची वैयक्तिक असते हे सर्वांनाच मान्य असते. त्याची बसण्याची जागाही तितकीच वैयक्तिक असते, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. चित्रपट सर्वांना एकाच दिवशी, एकाच अंतरावरून दिसतो असे गृहीत धरून सारे चाललेले असते.

ही जागा बदलून पाहिली तर काय होते? जबलपूरचा बडा फुहारा ही त्यासाठी बरी जागा आहे. जुन्या शहराच्या ऐन बाजारातील हे कारंजे. भोवताली सराफा, कापडाची आणि भांड्यांची दुकाने, लग्नसराईत वाट काढणे कठीण व्हावे अशी गर्दी, दसऱ्याच्या मिरवणुकीत तर पाय ठेवावयास जागा नाही. जवळच कमानिया गेट. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची ही खूण. त्याच्या आसपास मिळणारी खव्याची काळसर जिलबी ज्याने चाखली नाही त्याने जबलपूर पाहिले असे येथे कोणी मानत नाही. (त्या अधिवेशनासाठी अध्यक्षपदाची निवडणूक झाली, सुभाषचंद्र बोस पट्टाभि सीतारामय्यांना मागे टाकून पहिले आले आणि अधिवेशनानंतर दोन महिन्यांच्या आत त्यांना पद सोडावे लागले. क्रमवारीत पहिले येण्याने फारसे काही सिद्ध होत नाही, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.)

या बाजारात मराठी बोलणे अधूनमधून कानावर येते. ते बोलणारा येथे पाहुणा नव्हे. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग जबलपुरास मिळाले, १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनविणारा कारखाना उभा राहिला आणि रेल्वे, टपाल, शाळा, कचेऱ्या यांच्या निमित्ताने मराठी घरे येत राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांत मोडले तेव्हा नागपूरचे उच्च न्यायालय मध्यप्रदेशाचे झाले आणि त्याचे मुख्य पीठ जबलपुरास आले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरचे मुख्य न्यायाधीश होते, ते येथे मुख्य न्यायाधीश झाले. न्यायालयाच्या दप्तरांबरोबर काही मराठी बिऱ्हाडेही हलली. या सर्वांची नातवंडे आज जबलपुरात आहेत. घरी मराठी, दारी हिंदी, आणि गोलबाजारातील दत्तमंदिरात दोन्ही, अशी त्यांची भाषिक व्यवस्था आहे. पुण्याचे नातेवाईक त्यांच्या मराठीला हसतात. तेही आपल्या मराठीला हसतात, परंतु थोडे कमी.

त्यांच्या वाट्याला मराठी चित्रपट कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. चित्रपटव्यवसायाने देशाचे जे विभाग पाडले आहेत, त्यांतील एकास अद्यापि ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. तो प्रांत केव्हाच नकाशावरून गेला. वितरकांच्या वहीत मात्र तो जिवंत आहे आणि त्या वहीत नागपूर व जबलपूर आजही एका घरचे आहेत. म्हणजे नागपुरात चाललेला मराठी चित्रपट व्यवसायाची सीमा न ओलांडता जबलपुरास येऊ शकतो. अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. तो क्वचितच येतो. हिंदी चित्रपटाला येथे तोटा नव्हता. एम्पायर हे तर अभिनेते प्रेमनाथ यांच्याच मालकीचे चित्रगृह होते, आणि भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांनी १९६० च्या ‘जिस देश में गंगा बहती है’पासून कितीतरी नायिकांना पार्श्वभूमी पुरविली. मराठी चित्रपटाचे मात्र तसे नाही. एखाद्या मंडळाने खटपट करून एखादा सकाळचा खेळ लावला तर लावला. एरवी तो दूरचित्रवाणीवर, तबकडीवर किंवा अलीकडे घरच्या पडद्यावर, महिन्यांनी अथवा वर्षांनी भेटतो. तोवर मुंबईच्या याद्या छापून रद्दीत गेलेल्या असतात.

हा विलंब सोसणाऱ्याला एक फायदा असतो, आणि तो लहान नव्हे. ‘वर्ष’ नावाची गोष्ट किती कृत्रिम आहे हे त्याला आपोआप कळते. २०१५ हेच वर्ष घ्यावे. ‘कोर्ट’ आणि ‘किल्ला’ हे त्या वर्षी प्रदर्शित झालेले चित्रपट. परंतु राष्ट्रीय पुरस्कारांच्या हिशेबी ते २०१४ चे, आणि व्हेनिस व बर्लिन येथे त्यांचा गौरवही २०१४ मध्येच झालेला. उलट २०१५ चा सर्वोत्तम मराठी चित्रपट म्हणून ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो मकरंद माने यांचा ‘रिंगण’ प्रेक्षकांपुढे आला जून २०१७ अखेर. ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला; एका दिवसाने त्याचे वर्ष हुकले. तेव्हा ज्याला हे सारे उशिरा आणि क्रम सोडून भेटले, त्याने केलेली २०१५ ची क्रमवारी डिसेंबरात घाईने केलेल्या क्रमवारीहून कमी प्रमाण मानण्याचे कारण नाही. तिच्यातील गाळ तरी खाली बसलेला असतो.

प्रथम जे या क्रमवारीत बसत नाहीत त्यांची रजा घ्यावी. २०१५ मध्ये मुंबई आणि पुणे यांच्यामधील रस्त्याला मराठी चित्रपटांत फार मागणी होती. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चा दुसरा भाग दिवाळीत आला, त्याआधी ऑगस्टमध्ये उमेश कुलकर्णी व गिरीश कुलकर्णी या जोडीचा ‘हायवे’ याच दोन शहरांच्या द्रुतगती मार्गावर मोटारी अडकवून बसला. पहिला निखळ करमणुकीचा; त्याविषयी तक्रार नाही आणि आग्रहही नाही. ‘हायवे’ मात्र चौथ्या क्रमांकाचा निश्चित अधिकारी आहे. एकमेकांस न ओळखणारी माणसे बंद काचांआड बसवून त्यांच्या मनांतील कोंडी रस्त्याच्या कोंडीत पाहण्याची त्याची कल्पना धीट आहे. त्याला वर न नेण्याचे कारण एवढेच की त्यातील माणसे फार, आणि त्यांतील काहींची ओळख होते न होते तोच वाहतूक सुटते. शिवाय महाराष्ट्र म्हणजे हे दोनशे किलोमीटरही न भरणारे अंतर, अशी जी एक समजूत आपल्या चित्रपटांत रुजली आहे, ती बाहेरच्या मराठी माणसाला जरा अधिकच टोचते. त्याच २०१५ मध्ये जबलपूर-नैनपूरचा नॅरोगेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. बालाघाट-गोंदियाकडे जाणारी ती लहान गाडी गेली. तिच्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

तिसरा ‘कट्यार काळजात घुसली’. येथे बड्या फुहाऱ्यावरील क्रमवारीत बंडाळी होण्याचा संभव आहे, कारण घरोघरी मत घेतले तर हाच पहिला येईल. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. १९६७ चे त्यांचे नाटक, जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब, ही मध्य प्रांतातून आलेल्या मराठी घरांची जवळजवळ कौटुंबिक ठेव आहे. सुबोध भावे यांनी तिचा चित्रपट केला आणि नाट्यसंगीत म्हणजे आजोबांचे दुखणे असे समजणारी तरुण मंडळी ती गाणी ऐकू लागली, हे ऋण मोठे आहे. महेश काळे यांना त्यातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. खाँसाहेबांच्या गळ्यासाठी राहुल देशपांडे, म्हणजे वसंतरावांचा नातूच, लाभला. आणखी एक मौज अशी की पंडितजी झाले आहेत ते तमिळ घरात जन्मलेले शंकर महादेवन, आणि उर्दूत बोलणारे खाँसाहेब झाले आहेत ते सचिन पिळगांवकर. खाँसाहेबांचे उर्दू ऐकताना पुण्याच्या प्रेक्षकाचे लक्ष थोडे ताणले जात असेल. जबलपूरच्या प्रेक्षकाला दोन भाषांमधील उंबरठा जाणवतही नाही, कारण तो दिवसातून दहा वेळा तो ओलांडतो. असे असूनही तिसरा, याचे कारण चित्रपटाचा आपल्याच गाण्यावर पुरेसा विश्वास नाही. राजवाडा, दिवे, वस्त्रे, दागिने यांचा इतका थाट मांडला आहे की आलाप ऐकण्यासाठी डोळे मिटावेसे वाटतात, आणि डोळे मिटावे लागणे हा चित्रपटाचा गुण म्हणता येत नाही. नाटकात गाण्याला वेळ होता. येथे प्रसंगांना घाई आहे, आणि गाणे त्या घाईत सापडते.

दुसरा अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. बर्लिनच्या महोत्सवात मुलांनी निवडलेला स्फटिक-अस्वल पुरस्कार याला मिळाला, ही गोष्ट त्याच्या इतर सर्व गौरवांहून बोलकी आहे. वडील वारलेले, आई सरकारी नोकरीत, तिची बदली कोकणातील लहान गावी होते आणि अकरा-बारा वर्षांचा चिन्मय पुणे सोडून तेथे येतो. नवी शाळा, नवी मुले, समुद्र, पाऊस. एकदा त्या मुलांबरोबर तो किल्ल्यावर जातो आणि भर पावसात एकटा मागे राहतो. मोठ्याने काही सांगितलेले नाही. आईच्या कचेरीतील कुचंबणा आणि मुलाची शाळेतील कुचंबणा शेजारी शेजारी ठेवली आहे, आणि ती एकच आहे हे दोघांनाही बराच वेळ समजत नाही. अमृता सुभाष यांनी ही आई फार कमी बोलून उभी केली आहे. मुलगा रुळू लागतो तोच पुन्हा निघण्याची वेळ येते.

बदली या शब्दाचे मराठी मध्यमवर्गीय जीवनातील स्थान आपल्या साहित्याने जितके ओळखावयास हवे होते तितके ओळखलेले नाही. सुखदुःखाचे कारण म्हणून प्रेम, जमीन, जात, दारू यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. बदलीचा एक कागद घराची भाषा पालटून टाकतो, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांचा मूळ पुरुष हा असाच कागद हातात घेऊन स्थानकावर उतरला असेल. ‘किल्ला’तील चिन्मयला निदान नव्या गावातही मराठीच भेटते. ज्याला शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गातील विनोदच कळला नाही, त्या मुलाचा चित्रपट अजून व्हावयाचा आहे. तोवर तो मुलगा चिन्मयकडे पाहून भागवून घेतो, आणि बऱ्यापैकी भागते.

पहिला ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’ने १९५३ सालासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक आणले, त्यानंतर ‘श्वास’ आणि ‘देऊळ’ यांच्या पाठोपाठ तो मान मिळविणारा हा मराठी चित्रपट. याचे गुण सर्वत्र वर्णिले गेले आहेत. गटार साफ करणारा एक कामगार मरतो. त्याने आत्महत्या केली, आणि ती नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे केली, असा आरोप ठेवून शाहिराला पकडण्यात येते. खटला चालतो, म्हणजे चालत नाही, तारखा पडतात. कॅमेरा दूर, स्थिर. कोणी ओरडत नाही. कांबळे यांची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, व्यवसायाने नट नव्हेत. २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. न्यायालयात मराठी, हिंदी, इंग्रजी एकमेकींत मिसळतात, बचावाच्या वकिलाच्या घरी गुजराती बोलले जाते. उच्च न्यायालयाच्या गावात राहणाऱ्यास तारीख म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु या चित्रपटाला बड्या फुहाऱ्यावरून पहिला क्रमांक द्यावयाचा तो या कारणासाठी नव्हे.

कारण एक छोटा प्रसंग आहे. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, ही दुष्ट बाई नाही. कायद्याची कलमे ती एकसुरात वाचते, मुलाला पाळणाघरातून आणते, स्वयंपाक करते. सुटीच्या दिवशी हे कुटुंब मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर एका मराठी मुलीचे उत्तरेकडील तरुणावर प्रेम आहे. बाप त्या परप्रांतीयाला सुनावतो, घराबाहेर काढतो, आणि प्रेक्षागृह हसते, टाळ्या वाजविते. नूतनही त्यांतच आहे. चित्रपट यावर एक शब्दही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाई शाहिराविरुद्ध उभी राहते.

मुंबईच्या समीक्षकाने हा प्रसंग मध्यमवर्गाच्या संकुचितपणावरील टीका म्हणून वाचला, आणि तो तसा आहेच. पण तो जबलपुरातील एखाद्या मराठी घरी कसा पाहिला जाईल, याची कल्पना करावी. आजोबा-आजी, मुलगा, हिंदीभाषक सून, आणि मराठी समजणारी पण हिंदीत उत्तर देणारी नातवंडे. अशा घरी मराठी चित्रपट चालू असताना कोणीतरी सुनेसाठी हलक्या आवाजात हिंदी करून सांगत असतो, कारण खालच्या इंग्रजी ओळी वाचून नीट हसता येत नाही. बहुधा हे काम आजोबांकडे असते, आणि ते त्यांना आवडते. न्यायाधीशांचा तऱ्हेवाईकपणा ते सांगतात, शाहिराच्या शब्दांचा अर्थ सांगतात. मग नाटकाचा हा प्रसंग येतो. येथे त्यांनी काय सांगावे? रंगमंचावरून ज्याला हाकलले जात आहे, तो बोलण्याने, पेहरावाने सुनेच्या माहेरचा आहे. आणि हाकलणारा बाप, ज्याच्या वाक्यावर टाळ्या पडत आहेत, तो आजोबांच्या भाषेत बोलतो आहे. जी भाषा टिकावी म्हणून त्यांनी घरात मराठी पुस्तके जपली, नातवंडांना गणपतीत आरत्या पाठ करविल्या, त्या भाषेत. बरे, खुद्द आजोबा या गावी कोण? त्या नाटकाच्या व्याख्येने पाहिले तर तेच परप्रांतीय. त्यांच्या वडिलांनी येथे नोकरी केली, घर बांधले, आणि कोणी ‘आमच्या नोकऱ्या घेतल्या’ म्हणून दारात उभे राहिले नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो आणि तो दूर सारण्यासारखा नाही. मुंबईत स्वतःच्याच शहरात कोपऱ्यात ढकलले गेल्याची मराठी माणसाची भावना खोटी नव्हे. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, त्यांच्या जागी आलेल्या इमारतींत त्याला घर परवडले नाही. जबलपूरचा मराठी समाज संख्येने लहान, बव्हंशी सुशिक्षित, पगारदार. त्याला सामावून घेणे हिंदी शहराला जड गेले नाही, म्हणून त्याने मुंबईला उदारतेचे धडे द्यावेत हे बरोबर होणार नाही. हे खरे आहे. परंतु ‘कोर्ट’ धडा देतच नाही. तो फक्त टाळ्या वाजविणाऱ्यांचे चेहरे दाखवितो, आणि ते चेहरे ओळखीचे निघतात. महाराष्ट्रात बसलेल्या मराठी प्रेक्षकाला त्या प्रेक्षागृहात आपली जागा एका बाजूलाच सापडते. बाहेरच्या मराठी प्रेक्षकाला ती दोन्ही बाजूंना सापडते, खुर्चीवरही आणि रंगमंचावर दाराबाहेर काढल्या जाणाऱ्या तरुणाच्या जागीही. एका चित्रपटाने एका माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी बसविले, असे २०१५ मध्ये दुसऱ्या कोणत्या मराठी चित्रपटाबाबत सांगता येईल?

‘कट्यार’चे चाहते येथे म्हणतील की परका माणूस तर त्यांच्याही चित्रपटात आहे; पंडितजींच्या हवेलीत खाँसाहेब येतात तेव्हा घर कोणाचे हाच प्रश्न उभा असतो. त्यांचे म्हणणे योग्य आहे. फरक एवढाच की तेथे तो प्रश्न सुरांच्या बळावर मिटतो, आणि सुरांनी मिटलेला प्रश्न ऐकून घरी जाताना मन भरून आलेले असते. ‘कोर्ट’ पाहून उठताना आजोबांनी त्या दोन मिनिटांचे भाषांतर केले की नाही, हे कळावयाचे राहून जाते. सुनेला शब्द कळले नसतील. टाळ्या मात्र ऐकू गेल्या असतील.

पाचवा क्रमांक या यादीत मोकळा ठेवला आहे. वर्षाच्या अखेरीस यादी पुरी करण्याची सक्ती असती तर तेथे ‘डबल सीट’ किंवा ‘लोकमान्य’ बसविता आला असता, आणि दोहोंपैकी कोणीही तेथे शोभला नसता असे नाही. परंतु ‘रिंगण’ त्या वर्षाचा म्हणून गौरविला गेला, आणि कर्जात बुडालेल्या बापाचा व आई शोधणाऱ्या लहान मुलाचा पंढरपूरकडचा तो प्रवास लोकांपुढे आला तो २०१७ च्या पावसाळ्यात. बड्या फुहाऱ्याजवळच्या घरांत तो त्याहूनही मागाहून पोचला असणार, आणि काहींत अजून पोचावयाचा असेल.